गोजाबाईची उभी चूल

गोजाबाईचा गुडघा वाकेनासा झाला तेव्हा चाळीतल्या बायकांना सर्वांत आधी तिच्या पायाची नव्हे, भाकरीची आठवण झाली. याचं तिला मुळीच वाईट वाटलं नाही. उलट बरं वाटलं. आपली आठवण लोकांना भाकरीवरून यावी, हे तिला योग्यच वाटत होतं.

सोलापुरातल्या एका गिरणीच्या चाळीत ती आणि तिचा नवरा मायाप्पा राहत. दोघं मूळची सांगोल्याकडची, मेंढरांच्या घरातली. एका दुष्काळी सालात कळप निम्म्यावर आला, तसं मायाप्पानं उरलेली मेंढरं धाकट्या भावाच्या, धुळाप्पाच्या हवाली केली आणि बायकोला घेऊन शहर गाठलं. तो गिरणीत मागावर लागला. गोजाबाईनं चूल मांडली. पहिल्या वर्षी गावाकडचा एक गडी जेवायला आला, दुसऱ्या वर्षी तीन. एकोणीसशे तेहतीस-चौतीसच्या सुमाराला तिच्या हातचं खाणारे आठजण झाले होते. सगळे त्याच मुलखातले, बायकापोरं गावाकडं ठेवून गिरणीत राबणारे. तिनं कधी खाणावळीची पाटी लावली नाही. "आमची माणसं हायती," एवढंच म्हणायची.

माणसं ती भाकरीवरून ओळखायची. बिरप्पाला पातळ भाकरी लागे, कडेला खरपूस. शरणप्पा भाकरीचा पापुद्रा आधी सोलून बाजूला ठेवी आणि शेवटी खाई. ज्या दिवशी तो पापुद्रा आधीच खाई, त्या दिवशी त्याचं काहीतरी बिनसलेलं असे. "काय रं, घरनं कागद आला व्हय?" असं ती विचारी, आणि आलेलाच असे.

पावसाळ्याच्या शेवटी चाळीच्या नळाजवळच्या शेवाळावरून ती घागरीसकट घसरली. हाड बसवणाऱ्यानं बांबूच्या कांबी बांधल्या. दीड महिन्यानं सोडल्या आणि म्हणाला, "हाड जुळलं बाई. वाकणं मात्र गेलं." गोजाबाई उभी राहायची, चालायची, नळावरून पाणीसुद्धा आणायची. पण उजवा पाय काठीसारखा सरळ. तो वाकवून खाली बसणं काही जमेना.

आणि चूल तर जमिनीवर.

तिनं पाय लांब करून बसून पाहिलं. पाऊल थेट चुलीच्या तोंडात जाऊ लागलं. तिरकी बसली, तर तिसऱ्या भाकरीला कंबर धरली. मायाप्पाला वाटलं, आता शहरातली युक्ती करावी. तो मंगळवार पेठेतून पितळेचा चकचकीत स्टोव्ह घेऊन आला. घासलेटच्या रिकाम्या खोक्यावर तो ठेवला, पंप मारला आणि स्टोव्ह पेटल्यावर बाजूला सरकून उभा राहिला, जणू स्टोव्ह त्यानंच घडवला होता.

"आता हू उभी आन् कर भाकरी."

गोजाबाईनं तवा ठेवला. भाकरी मधे करपली आणि कडेला कच्ची राहिली. तव्यावरून काढून निखाऱ्याला उभी करावी, तर निखारा कुठला? तिनं ज्योत बारीक केली, मोठी केली, पुन्हा बारीक केली.

"भुर्र भुर्र करतंय नुसतं," ती म्हणाली. "आवाज वाघाचा आन् काम मांजराचं."

"सारी दुनिया स्टोव्हवर रांदतीय."

"रांदू द्या की. दुनिया च्या पीत आसंल. ह्यो च्याला चांगला हाय. ठिवू आपण, परत करू नगा."

त्या दिवशीच्या भाकऱ्या आठहीजणांनी मुकाट्यानं खाल्ल्या. शरणप्पानं पापुद्रा सोलायचा प्रयत्न केला, पण सोलायला पापुद्रा नव्हताच. मग ती माणसं पलीकडच्या गल्लीत जेवायला जाऊ लागली. मायाप्पाही त्यांच्याबरोबर जाई आणि येताना गोजाबाईसाठी पानात बांधून आणी. दुसरीच्या हातची भाकरी पुढ्यात आली की गोजाबाई ती उलटीसुलटी करून बघे. "पीठ मळलंच न्हाय हिनं," म्हणे, आणि खाई.

एके संध्याकाळी मायाप्पा भिंतीकडं बघत म्हणाला, "गोजे, धुळाप्पाला निरोप धाडलाय. गड्ड्याला तो गाडी घेऊन येतोयच. जाताना तू जा त्याच्यासंगं. गावाकडं हातपाय हलवायची गरज न्हाय तुला. जावा हायत, करतील."

गड्डा म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा. ती संक्रांतीला भरे, आणि संक्रांत महिन्यावर आली होती.

"मंजी जावांच्या चुलीवर मी पाहुणी?"

"हितं तरी काय करणार हाईस? बसता येत न्हाय."

वाद घालण्यापेक्षा मुदत मागून घ्यावी, हे तिला मेंढरांच्या घरातच कळलं होतं. "भोगीपातूर थांबा," ती म्हणाली. "भोगीला तुमाला सगळ्यास्नी माज्या हातची बाजरीची भाकरी वाढते, तिळाची. न्हाय जमलं तर मी आपली आपण गाडीत बसते. तुमी हाताला धरायचं बी काम न्हाय."

संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगी. मायाप्पानं मान डोलावली. त्याला वाटलं, एवढ्यात काय होणार आहे?

काय होणार आहे हे गोजाबाईलाही ठाऊक नव्हतं. ते तिला साखर पेठेत सापडलं. शेजारच्या गुरम्माबरोबर ती तिथं एका तेलुगू विणकराकडं लुगडं आणायला गेली होती. हातमागावर विणकर बसला होता. बसला होता जमिनीलगत, पण त्याचे पाय मागाखाली खणलेल्या खड्ड्यात होते आणि तिथं ते पावड्या दाबत होते. गोजाबाईनं असे माग शंभरदा पाहिले असतील. आज मात्र ती तिथून हलेना.

"अक्का, चल की. लुगडं झालं घेऊन," गुरम्मा म्हणाली.

"गुरम्मा, ह्या बाबाच्या पायापायी जमीन खणली बग."

"मग?"

"माज्या पायापायी जमीन वर उचलता याची न्हाय?"

गुरम्माला त्या वेळी काहीच समजलं नाही. चाळीत येईपर्यंत समजलं, आणि मग तिनंच ती गोष्ट सगळ्या चाळीत पसरवली. गोजाबाई चूल कमरेएवढी उंच करणार! बायकांना महिनाभर पुरेल एवढा विषय मिळाला.

"चूल डोक्यावर घिऊन नाचणार का काय?"

"आगं, लक्षिमी बसलेली बरी. उभी केली की चालाय लागती."

"उभी ऱ्हाऊ दे की," गोजाबाई म्हणाली. "माजा बी पाय वाकत न्हाय. दोगी मिळून उभ्या ऱ्हाऊ. चालाय लागली तर मला बी चालता येतंय."

स्वयंपाकाचा कोपरा होता पाच हात लांब आणि तीन हात रुंद. गोणपाटाच्या पडद्याआडच्या एवढ्याशा जागेत जमिनीवरची चूल होती, खिडकीखाली जातं, मग पाटा-वरवंटा, पाण्याचा पोटाळ रांजण आणि डब्यांची उतरंड. मधे उरलेल्या जागेत आजवर गोजाबाई बसत आली होती. गोजाबाईनं मायाप्पाची मेंढरांमागची जुनी काठी खुंटीवरून काढली. ती कोपऱ्याच्या लांबीला लावली आणि विळ्यानं खूण केली. रुंदीला लावली, दुसरी खूण केली. मग काठी घेऊन ती बाजारात निघाली. पाय ओढत नव्हे. पायाला आणि काठीला एकच चाल शिकवून.

कुंभारवाड्यात ती प्रत्येक रांजणाच्या पोटाला काठी लावून बघू लागली. कुंभारानं चाक थांबवलं. मग म्हणाला, "बाई, रांजण घेताय का पोरीला नवरा बगताय?"

"नवरा बगताना येवढं बगितलं नव्हतं. म्हनून आता बगतीय."

तिनं पोट कमी असलेला, उभट रांजण निवडला. जुन्याइतकंच पाणी, पण जागा निम्मी. चूलही तिथलीच घेतली, भाजक्या मातीची, बाजूला वैल जोडलेली. चुलीवर भाकरी होत असताना मागची धग वैलीत जाते आणि तिच्यावर आमटी आपोआप शिजत राहते. कुंभार शेगडी दाखवू लागला, "कोळशाची घ्या, धूर न्हाय." तिनं शेगडी उचलून पाहिली, वाखाणली आणि खाली ठेवली. शेगडीवर एका वेळी एकच काम होतं. तिला दहा माणसांसाठी दोन तोंडं हवी होती.

जात्याचं काय करायचं, हा प्रश्न तिनं सर्वांत शेवटी ठेवला होता. ओटा खिडकीखालीच यायला हवा होता, धूर बाहेर जायला. तिथं जातं होतं. लग्नात हळद त्याच्यावरच दळलेली. पण दळायलाही बसावं लागतं, आणि पेठेत पिठाची गिरणी येऊन चार वर्षं झाली होती. तिनं जात्याचं वरचं पाळू हातानं एकदा फिरवलं. "तुज्यासाटी बगते कायतरी," असं त्याला म्हणाली आणि गुरम्माच्या मदतीनं ते दाराशी सरकवलं.

गवंडी मिळाला राजेसाब. पन्नाशीचा, पांढरी दाढी, कामाला चोख, आणि त्याचं चोखपण त्याला स्वतःलाही माहीत होतं. चाळीच्या मुकादमानं बजावलं होतं की फरशी उकरायची नाही. राजेसाब म्हणाला, "उकरायचं कशाला? मातीत विटा रचतो, वर शहाबादी फरशी ठेवतो. उद्या म्हणाल तर उचलून देतो." चुलीखाली राख आणि वाळूचा थर द्यायचा, नाहीतर शहाबादी तडकते, हेही त्यानं स्वतःहून सांगितलं. मग त्यानं गोजाबाईला भिंतीशी उभं केलं, हात कोपरात वाकवायला लावला आणि कोपराखाली कोळशानं रेघ ओढली.

"कोपराला ओटा. हा आपला कायदा हाय, भाभी. शहरात बारा दुकानांची फळी मी बांदली, सगळ्या कोपराला."

गोजाबाईला ते पटलं. कोपराएवढी फळी दुकानदाराला सोयीची असते, हे तिनंही पाहिलं होतं.

भोगीच्या दोन दिवस आधी ओटा झाला. साफ, ओळंब्यात, कोपऱ्यात मावणारा. एका बाजूला चूल, मधे काठवटीची जागा, खाली लाकडं, आणि शेवटी स्टोव्हसाठी वीतभर कोनाडा. राजेसाबनं त्यावर पाण्याचा थेंब टाकून दाखवला. थेंब कुठंही गेला नाही.

भोगीच्या आदल्या दिवशी सकाळी धुळाप्पाची गाडी चाळीच्या तोंडाशी येऊन थांबली. "वैनी, बरी हाईस न्हवं?" म्हणत तो आत आला, ओट्याकडं पाहिलं आणि भावाकडं पाहिलं. मायाप्पानं खांदे उडवले. गोजाबाईचं गाठोडं त्यानं आधीच बांधून कोपऱ्यात ठेवलं होतं. वाईट वाटून बांधलं होतं, पण बांधलं होतं.

"बसा," गोजाबाई म्हणाली. "भावोजी आल्यात तर भाकरी खाऊनच बगा."

तिनं चूल पेटवली. काठवटीत बाजरीचं पीठ मळलं. मळतानाच तिला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. खांद्यांचा भार हातावर येत नव्हता. काठवटीचा काठ छातीजवळ आला होता. भाकरी थापताना हात वरून पडायचा तो पुढून पडत होता. भाकरी थापून झाली, ती उचलून तव्यावर टाकायला तिनं हात वर नेला, आणखी वर नेला. तवा होता थेट गळ्याच्या खाली. बाजरीची भाकरी ज्वारीसारखी चिवट नसते. ती वाटेतच मोडली. अर्धी तव्यावर पडली, अर्धी निखाऱ्यात. धूर सरळ डोळ्यांत आला.

दुसरी भाकरीही मोडली. तिसरी तव्यावर गेली, पण जाड झाली.

धुळाप्पा चांगला माणूस होता. तो हळूच म्हणाला, "वैनी, ऱ्हाऊ दे. गावाकडं चल. तिकडं तुला कोन काय म्हननार न्हाय." हे त्यानं प्रेमानं म्हटलं, आणि म्हणूनच ते गोजाबाईला जास्त लागलं.

तिनं पदरानं डोळे पुसले. धुराचे पुसले. "भोगी उद्या हाय," ती म्हणाली. "आज न्हाय. गुरम्मा! ए गुरम्मा! राजेसाबला बोलीव जरा."

राजेसाब पुढच्या गल्लीतच काम करत होता. आला तो आधी ओट्याकडं बघूनच बोलला, "काय तडकलं?"

"काय तडकलं न्हाय. ओटा उंच झालाय."

"उंच? भाभी, सूत लावून बांदलाय. कोपराला हाय का न्हाय, बघा तुम्हीच."

"कोपराला हाय. पर भाकरी कोपरानं करत न्हाईत."

गुरम्मा हसली. राजेसाब हसला नाही. गोजाबाई मात्र ओट्याकडं नव्हे, जमिनीकडं बघत होती. जिथं इतकी वर्षं ती रोज बसत आली होती, तिथं. आपण बसतो तेव्हा कशा दिसतो, हे तिनं कधी पाहिलंच नव्हतं. तसं कुणीच पाहत नाही.

"गुरम्मा, खाली बस. माज्यासारकी बस, एक गुडगा वर करून. घे ही काठवट पुढ्यात."

गुरम्माचा आणि तिचा बांधा एकच. एकीची चोळी दुसरीला बेताची बसायची. गुरम्मा बसली. पुढ्यात जमिनीवर काठवट, शेजारी जमिनीवर जुनी चूल. तिनं थापण्यासारखे हात हलवले.

"आता राजेसाब, लावा तुमचा ओळंबा. कोपराला न्हाय. हिच्या खांद्यापासनं खाली जमिनीपातूर."

राजेसाबनं दोरी सोडली. लोखंडी वजन जमिनीला टेकलं. त्यानं दोरीला गाठ मारली.

"आता तीच दोरी माज्या खांद्याला लावा. मी उभी हाय."

त्यानं दोरी लावली. वजन ओट्याच्या फरशीवर टेकलं, पण गाठ खांद्याच्या वर राहिली, चांगली वीतभर. राजेसाब गाठीकडं बघत राहिला. मग एकदम त्यानं कपाळावर हात मारला.

"हौ! मी दुकानाची फळी बांदली. ही फळी न्हाईच. ही जमीन हाय. जमीनच वर घ्यायची होती, तिच्यावर चूल, तिच्यावर काठवट."

"मला तरी कुटं म्हाईत हुतं," गोजाबाई म्हणाली. "तुमी कदी भाकरी थापली न्हाई, आन् मी मला थापताना बगितलं न्हाई. बरुबरी झाली."

राजेसाबनं नमाजाची वेळ होईपर्यंत काम थांबवलं नाही. धुळाप्पा आणि मायाप्पानं फरशा धरल्या, त्यानं तीन थर विटा उतरवल्या, पुन्हा माती लावली, पुन्हा थेंब टाकला. चुलीखालची राख नव्यानं पसरली. निघताना म्हणाला, "उद्या मी येतो जेवायला. बोलावलं न्हाई तरी."

"बोलीवलंय," गोजाबाई म्हणाली.

भोगीच्या सकाळी चाळीत सगळीकडं न्हाणं चाललं होतं. गोजाबाई ओट्यापुढं उभी राहिली. डावीकडं उभट रांजण, हात लांबवला की तांब्या. खाली लाकडं, चुलीचं तोंड मांडीच्या उंचीला. वैलीवर भोगीची मिसळीची भाजी, वांगं, गाजर, हरभऱ्याचे घाटे, वर तिळाचं कूट. कोनाड्यात स्टोव्हवर राजेसाबसाठी चहा. तिनं काठवटीत पीठ ओढलं, पाणी घातलं, आणि पहिल्याच दाबाला खांद्यांचा भार तळहातात उतरला. तो भार तिच्या ओळखीचा होता.

भाकरी थापून गोल झाली. वर तीळ. हात थोडा वर, तव्यावर. पाण्याचा हात फिरवला. उलटली. मग तवा उतरवून भाकरी निखाऱ्याला उभी केली आणि ती टम्म फुगली.

आठजण आले. राजेसाब आला. ओळीनं बसले. गोजाबाई उभ्यानं करत होती आणि गुरम्मा वाढत होती. मायाप्पानं पहिली भाकरी संपवली आणि ताट पुन्हा पुढं केलं. शरणप्पानं पापुद्रा सोलला आणि ताटाच्या कडेला ठेवला. शेवटासाठी. गोजाबाईनं ते पाहिलं आणि पुढची भाकरी थापायला घेतली.

तिसऱ्या दिवशी धुळाप्पा बैल जुंपू लागला. मायाप्पानं गाठोडं केव्हाच सोडून लुगडी खुंटीवर टाकली होती, कुणाला न सांगता.

"आता मोकळी गाडी न्यायची व्हय मी?" धुळाप्पा म्हणाला. "गावात इचारतील, वैनी कुटं हाय?"

"मोकळी कशाला?" गोजाबाईनं दाराशी ठेवलेल्या जात्याकडं बोट केलं. "माज्या जागंवर ह्याला बसवा. तानाबाईला द्या. तिचे दोन्ही गुडगे वाकत्यात." तानाबाई तिची लेक, सांगोल्याकडंच दिलेली. गोजाबाईनं जात्याला हळदकुंकू लावलं. चौघांनी ते गाडीत चढवलं. गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत ती उभी राहिली, आणि मग पीठ आणायला गिरणीकडं गेली.

काठी पुन्हा खुंटीवर गेली. पण ती तिथं फार दिवस राहिली नाही. फाल्गुनात एका दुपारी गुरम्मा पडदा बाजूला सारून आत आली. तिचे गुडघे ठणठणीत होते. तिनं गोजाबाईला उभ्यानं भाकऱ्या करताना दोन महिने पाहिलं होतं. ना पदर लाकडात अडकत होता, ना पोटावर धग.

"अक्का," ती म्हणाली, "राजेसाबला सांगितलंय. तुझी काठी दे की जरा, माप घ्यायला."

"काठी मागनं," गोजाबाई म्हणाली. तिनं तव्यावरची भाकरी उलटली आणि मोकळ्या हातानं जमिनीकडं खूण केली. "आदी खाली बस."